जुन्या इंजिनात नवा आवाज : बारीक हाताच्या कारागिरांसाठी एक जोडधंदा

रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि घड्याळ दुरुस्तीची कामे आता फार थोडी उरली आहेत. कोल्हापुरात काय आणि मिरज-सांगलीत काय, एकेकाळी ज्या टेबलावर दिवसभर सोल्डरगन तापलेली असे, तिथे आज मोबाइलची कव्हरे टांगलेली दिसतात. आम्ही कापडाचे व्यापारी आहोत, विजेचे कारागीर नाही. पण ज्या हुन्नराला गिऱ्हाईक मिळत नाही, ते पुढच्या पिढीत उरत नाही, हे आम्ही इचलकरंजीच्या मागांवर पाहिले आहे. म्हणून आज एका छोट्या पण चोख कामाची माहिती देत आहोत. वाफेच्या इंजिनाच्या लहान नमुन्यात डिजिटल आवाज आणि दिवे बसवण्याचे हे काम आहे.

हा छंद कोणाचा?

आपल्या कोल्हापूरला रेल्वे १८९१ साली आली. छत्रपती शाहू महाराजांनी तिची पायाभरणी १८८८ मध्ये केली होती. वाफेच्या इंजिनाची शिट्टी ऐकत वाढलेली माणसे आजही आहेत. देशाच्या मोठ्या लाइनीवरची वाफेची नेहमीची वाहतूक १९९५ मध्ये बंद झाली, पण हौस बंद झाली नाही. पुण्यात कर्वे रस्त्याजवळ भाऊ जोशी यांनी उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ मध्ये लोकांसाठी खुले झाले. रूळ, सिग्नल, पूल, स्टेशन आणि दिवे असा तो सगळा छोटा संसार आहे. माल घेण्यासाठी पुण्याला जाणाऱ्या कारागिरांनी वेळ काढून तो पाहावा. किती बारीक काम करावे लागते, याचा अंदाज तिथे येतो.

या छंदात सर्वांत चालणारे माप 'एच-ओ' हे आहे. म्हणजे खऱ्या गाडीचा ८७वा भाग. दोन रुळांतले अंतर साडेसोळा मिलिमीटर. अशा इंजिनाच्या पोटात मोटर, वायरी, दिवा आणि स्पीकर बसवायचा, तर घड्याळजीचा डोळा आणि रेडिओवाल्याचा हात दोन्ही लागतात.

जुनी पद्धत आणि नवी पद्धत

जुन्या पद्धतीत रुळांतून बारा व्होल्टपर्यंतचा डी.सी. प्रवाह जातो. व्होल्ट वाढवले की इंजिन जोरात पळते, वायर उलट केली की मागे जाते. गाडी उभी राहिली की दिवाही विझतो. एकाच रुळावर दोन इंजिने ठेवली तर दोन्ही एकदम धावतात.

नव्या पद्धतीत रुळांत पूर्ण दाब कायम असतो आणि त्या प्रवाहातूनच हुकूम जातात. प्रवाहाची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटते. आखूड ठोका म्हणजे 'एक', लांब ठोका म्हणजे 'शून्य'. प्रत्येक इंजिनात एक छोटी पट्टी असते, तिला डिकोडर म्हणतात. तिला स्वतःचा नंबर असतो आणि आपल्या नंबरचा हुकूम आला तरच ती ऐकते. जकार्डच्या मागावर पुठ्ठ्याची भोके पाहून कोणता धागा उचलायचा ते ठरते, तसाच हा प्रकार समजावा. मूळ पद्धत जर्मनीच्या लेन्झ कंपनीची. अमेरिकेतील हौशी मंडळींच्या संघटनेने १९९० च्या दशकात तिचे मानक ठरवले. त्यामुळे एका कंपनीचा डिकोडर दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर चालतो. कारागिराच्या दृष्टीने हा मोठाच फायदा आहे, कारण एकदा शिकलेले काम वाया जात नाही.

काम कसे करावे

पहिली गोष्ट, इंजिन साध्या बारा व्होल्टवर नीट चालते की नाही ते पाहावे. चाके साफ करावीत आणि अगदी थोडे तेल द्यावे. अडखळणाऱ्या इंजिनात डिकोडर बसवला तर ते अडखळतच चालणार. मोटर क्षणभर अडवून धरली असता किती करंट घेते तेही मोजावे. एच-ओचे डिकोडर साधारण एक ते दीड अँपिअरचे असतात. मोटर त्याहून जास्त ओढत असेल तर मोटर बदलावी किंवा काम घेऊ नये.

दुसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पुष्कळ जुन्या इंजिनांत मोटरचे एक टोक थेट लोखंडी सांगाड्याला जोडलेले असते. ते पूर्ण वेगळे केलेच पाहिजे. मीटर लावून खात्री करावी. रुळाचा प्रवाह मोटरच्या टोकाला थेट भिडला, तर डिकोडर त्याच क्षणी जळतो. परदेशी बाजारात आवाजाचा डिकोडर शंभर डॉलरच्या आसपास पडतो. हलगर्जीपणाची ही किंमत ध्यानात ठेवावी.

तिसरी, वायरींचे रंग. लाल आणि काळी रुळाकडे जातात, नारिंगी आणि करडी मोटरकडे. पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या दिव्याची आणि निळी सर्व दिव्यांची सामाईक धन वायर. जुना बल्ब काढून एल.ई.डी. लावावा आणि सोबत साधारण एक हजार ओहमचा रेझिस्टर घालावा. दिवा पिवळसर छटेचा घ्यावा. वाफेच्या इंजिनाला दुधी पांढरा उजेड शोभत नाही. भट्टीखाली नारिंगी दिवा लावून तो लुकलुकता ठेवला, तर आत कोळसा पेटल्यासारखे दिसते.

चौथी, आवाज. स्पीकर नुसता मोकळा ठेवला तर आवाज जवळजवळ ऐकू येत नाही, कारण पुढची आणि मागची हवा एकमेकींना मारते. म्हणून त्याला मागून छोटी बंद पेटी हवी, जराही फट न ठेवता. इंजिनामागे कोळसा-पाण्याचा टेंडर असेल तर तिथे जागा मिळते. टेंडर नसलेल्या इंजिनात खरी कसोटी लागते. आदमजी पीरभॉय घराण्याने उभारलेली माथेरानची रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली, तिची जर्मन इंजिने अशीच टाकीवाली होती. तसला नमुना आला तर जागेचा हिशेब आधी करावा, मगच होकार द्यावा.

'झुक'चा मेळही बसला पाहिजे. दोन सिलिंडरचे इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार वेळा झुक करते, तीन सिलिंडरचे सहसा सहा वेळा. हे आकडे डिकोडरमध्ये भरता येतात. जाणकार गिऱ्हाईक आधी हेच पाहते. शिट्टीचेही तसेच आहे. आपल्या डब्ल्यू.पी. इंजिनाला अमेरिकन शिट्टी लावली, तर ते शेरवानीवर हॅट घातल्यासारखे होते. ज्या आवाजाची फाइल मिळते ती गिऱ्हाइकाला आधी ऐकवावी.

शेवटी, इंजिन मुख्य रुळावर ठेवण्यापूर्वी कमी करंटच्या चाचणीच्या रुळावर तपासावे. नवा डिकोडर सहसा तीन या नंबरवर येतो. तो तिथे उत्तर देत असेल तर वायरिंग बहुधा ठीक आहे.

धंद्याचा हिशेब

खरे सांगायचे तर या कामाचे गिऱ्हाईक आपल्याकडे थोडे आहे. चालू दुकान बंद करून कोणी यामागे लागू नये. पण पुणे, मुंबई, बंगळूरचे हौशी लोक चांगला हात शोधत असतात आणि नमुना कुरिअरने येऊ-जाऊ शकतो. सुट्या भागांवर नफा फारसा नाही, नफा मजुरीत आहे. मजुरी तासावर ठरवावी आणि आधी सांगावी. टेंडर घासणे, पट्टी कापणे, स्पीकरची पेटी बनवणे यासाठी उद्यमनगरातील लेथवाला किंवा हुपरीचा चांदीकाम करणारा कारागीर जोडीला घेता येतो.

व्यवहाराच्या दोन गोष्टी मात्र पाळाव्यात. एक, काढलेला प्रत्येक जुना भाग पुडीत बांधून, नाव लिहून गिऱ्हाइकाला परत द्यावा. दुसरी, फार जुने आणि मूळ स्थितीतले इंजिन आले, तर छिद्र पाडण्याआधी मालकाला स्पष्ट सांगावे की फेरफार केल्याने त्याची किंमत उतरू शकते. अशी इंजिने बहुधा कोणाच्या तरी वडिलांची आठवण असतात. एका कामाची मजुरी गेली तरी चालेल, पण जो कारागीर 'हे काम करू नका' असे सांगतो, त्याच्याकडेच पुढचे काम विश्वासाने येते. कापडाच्या पेढीवर आमचा हाच अनुभव आहे.

ज्यांच्या हातात सोल्डरगन आहे, त्यांनी एखादे स्वस्त, जुने, बिघडलेले इंजिन घेऊन आधी स्वतःसाठी करून पाहावे. ते उभे असताना दिवा जळू लागला आणि चालताना चाकाबरोबर झुक वाजू लागला, की दाखवायला नमुना तयार झाला. कापडात असो की इंजिनात, गिऱ्हाईक आधी नमुनाच मागते.