न विचारता चालणारा कारभार

पन्हाळ्यावर हिवाळ्यात धुकं उतरलं की सगळ्यांचेच हात गारठतात. पण अर्धांगवायूतून सावरणाऱ्या माणसाचे दोन्ही हात हाती घेऊन बघा. लुळा हात बऱ्याचदा दुसऱ्यापेक्षा गार लागतो. हालचाल कमी, हे एक कारण. पण कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या कधी आवळायच्या, कधी सैल सोडायच्या, हा मेंदूचा हुकूमही तिथवर धड पोचत नसतो.

हुकूम सोडणाऱ्या या यंत्रणेला, स्वायत्त मज्जासंस्थेला, जॉन लँग्ली या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८९८ साली नाव दिलं. घाम, नाडी, रक्तदाब, पचन, लघवी असा सगळा कारभार ती आपल्याला न विचारता सांभाळते. मेंदूच्या देठाच्या एका कडेला रक्त पोचलं नाही, तर जोतिबाचा डोंगर चढताना अर्धा चेहरा घामाने निथळतो आणि अर्धा कोरडा राहू शकतो! कोरड्या बाजूची पापणी किंचित उतरलेली, बाहुली बारीक.

मला सर्वांत थक्क करतं ते आपलं साधं उभं राहणं. अंथरुणातून उठलो की अर्धा लिटरहून जास्त रक्त पोटाकडे, पायांकडे ओढलं जातं. मानेत नाडी लागते तिथल्या रोहिणीच्या भिंतीत ताण ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात. ती मेंदूच्या देठाला लगेच कळवतात, काही ठोक्यांतच हृदयाची गती वाढते, पायांकडच्या रक्तवाहिन्या आवळतात. आपल्याला पत्ताही लागत नाही.

या कारभारात मेंदूच्या घडीत दडलेल्या इन्सुला या भागाचाही हात असतो. १९९२ साली स्टीफन ओपेनहायमर आणि सहकाऱ्यांनी अपस्माराच्या शस्त्रक्रियेवेळी त्याला हलका विद्युतझटका दिला, तेव्हा रुग्णांची नाडी बदलली. उजवीकडे बहुधा वाढली, डावीकडे मंदावली. म्हणून अर्धांगवायूचा झटका मेंदूला बसला तरी हृदयाचा ठेका बिघडू शकतो.

अर्धांगवायूनंतर हा कारभार बिघडून उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला, तर डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते, गुडघे लटपटू शकतात. घरच्यांना वाटतं पायात जोर नाही, नाहीतर माणूस कंटाळा करतोय. हा त्या माणसावर अन्याय आहे.

तेव्हा अशा माणसाला आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून थोडा वेळ बसू द्या, मग उठवा. रक्तदाबाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना आवर्जून सांगा: रक्तदाब एकदा झोपवून आणि एकदा उभं करून मोजा.