लांब पाय, लांब पाठ : पळणारीचं अंग आणि पोहणारीचं अंग

डहाणू आणि तलासरीच्या पाड्यापाड्यांतून ऐकणाऱ्या ताया, वहिन्या, आज्या आणि शाळेतल्या पोरींनो, आज आपण अंगाच्या मापाबद्दल बोलणार आहोत.

आश्रमशाळांच्या क्रीडास्पर्धा जवळ आल्या की एक वाक्य हमखास कानावर येतं, "आमची पोर बुटकी, ती काय पळणार?" नाहीतर उलट, "ही उंच आहे, हिला पळायला घाला." उंची दिसते म्हणून आपण उंचीच बघतो. पण पळण्यात आणि पोहण्यात नुसत्या उंचीपेक्षा तिची वाटणी जास्त महत्त्वाची असते. म्हणजे पायाला किती आली आणि पाठीला किती आली.

गटाच्या पुढच्या बैठकीत एक गंमत करून बघा. सारख्या उंचीच्या दोघीजणींना भिंतीला पाठ टेकवून जमिनीवर बसवा. उभ्या असताना त्यांची डोकी एका रेषेत होती. बसल्यावर बहुतेक वेळा एकीचं डोकं वर दिसेल, एकीचं खाली. जिचं वर, तिची पाठ लांब आणि पाय आखूड. जिचं खाली, तिचे पाय लांब. मग दोन्ही हात आडवे पसरायला सांगून एका मधल्या बोटापासून दुसऱ्या मधल्या बोटापर्यंत टेप लावा. पुष्कळांचं हे माप उंचीइतकंच भरतं. कोणाचं दोन-तीन बोटं जास्त येतं, कोणाचं कमी.

आता जगातले दोन गडी घेऊ. अमेरिकेचा पोहणारा मायकेल फेल्प्स, ऑलिम्पिकची २३ सुवर्णपदकं त्याच्या नावावर आहेत. उंची ६ फूट ४ इंच. मोरोक्कोचा पळणारा हिशाम एल गेरूज, उंची ५ फूट ९ इंच. १५०० मीटर पळण्याचा त्याने १९९८ साली केलेला जागतिक विक्रम पंचवीस वर्षांनंतरही कायम होता. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये दोघांनीही सुवर्णपदकं जिंकली. दोघांच्या उंचीत सात इंचांचा फरक, पण पायांची लांबी जवळजवळ सारखी! शिंप्याकडे गेले तर दोघांच्या पँटची आतली शिवण एकाच मापाची निघेल. फेल्प्सची जास्तीची उंची सगळी पाठीत आहे. शिवाय त्याचे पसरलेले हात ६ फूट ७ इंच भरतात, म्हणजे उंचीपेक्षाही तीन इंच जास्त.

असं का? आधी पळणं बघू. पळताना दर पावलाला पाय मागून पुढे झोकावा लागतो. एक दगड ओच्यात बांधून चाला, मग तोच दगड घोट्याला बांधून चाला. वजन तेच, पण दुसऱ्या वेळी चार पावलांत मांड्या भरून येतात. वजन कंबरेपासून जितकं लांब, तितका ते झोकायला जोर जास्त. म्हणून लांब अंतर पळणाऱ्यांची पोटरी आणि घोटा बारीक असेल तर फायदा होतो. उंचीच्या मानाने पाय लांब असतील तर टाच लांब पडते. आणि अंग लहान, सडपातळ असेल तर उन्हात ते लवकर निवतं. मोठ्या हंड्यातलं पाणी वाटीतल्या पाण्यापेक्षा उशिरा थंड होतं, तसंच हे. तास-दोन तास पळणाऱ्या बाया-माणसांत धिप्पाड अंगाचे फार क्वचित दिसतात, त्याचं एक कारण हे.

पाण्यात हिशोब उलटा होतो. पाण्यात वजन तोलायचं नसतं, पाणी कापायचं असतं. डहाणूच्या किनाऱ्यावरच्या बायांना हे सांगायला नको, आखूड रुंद होडी पुढ्यात लाट उभी करते आणि तिच्यातच अडते, लांब निमुळती होडी पाणी कापत जाते. अंगाचंही तसंच आहे. छातीत फुप्फुसं असतात, त्यांत हवा असते, म्हणून धड तरंगतं. पाय मात्र बुडू बघतात, आणि पाय खाली गेले की सगळं अंग तिरपं होऊन पाणी अडवायला लागतं. लांब धड आणि त्या मानाने आखूड पाय असले की अंग आडवं राहायला मदत होते. लांब हात वल्ह्याचं काम करतात, तळहात मोठा असला तर आणखी बरं.

हातांची ही ताकद बघायची तर मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण घ्यावं. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कंबरेखाली लुळा पडला. १९७२ साली जर्मनीतल्या हायडलबर्गला अपंगांचं ऑलिम्पिक झालं, त्यात त्यांनी ५० मीटर पोहण्याचं सुवर्णपदक ३७.३३ सेकंदांत जिंकलं. तिथली शर्यत अपंग खेळाडूंतलीच होती, हे खरं. तरी विचार करा, ज्या माणसाला जमिनीवर पाऊल टाकता येत नव्हतं, त्याला पाण्याने विश्वविजेता केलं.

आता आपल्या बायांच्या अंगाचं. कंबर-मांड्या भरल्या म्हणून पोरी लाजतात. पण चरबी पाण्यात तरंगते, आणि बाईची चरबी नेमकी कंबर-मांडीला असते, जिथून अंग बुडतं तिथेच. विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला वाळका भोपळा बांधतात ना? इथे तो देवाने आधीच बांधून दिलाय! त्यामुळे साधारणपणे बाईचं अंग पाण्यात पुरुषापेक्षा जास्त आडवं राहतं आणि तरंगायला कमी दम लागतो. १९२६ साली गर्ट्रूड एडर्ले नावाच्या अमेरिकी बाईने इंग्लिश खाडी पोहून पार केली. तिच्या आधी पाच पुरुष पार गेले होते. त्यांच्यातल्या सर्वांत वेगवान गड्याला साडेसोळा तास लागले होते, तिला लागले साडेचौदा.

हे सगळं ऐकून कोणी टेप घेऊन पोरींची निवड करायला बसेल, म्हणून पुढचं नीट ऐका. जमैकाची शेली-अ‍ॅन फ्रेझर-प्राइस फक्त पाच फूट उंच आहे. तिने २००८ आणि २०१२ अशा लागोपाठ दोन ऑलिम्पिकमध्ये १०० मीटरचं सुवर्ण घेतलं. तिचं पाऊल छोटं, पण भराभर पडणारं. जॅनेट इव्हान्स ही साडेपाच फुटांच्या आतली मुलगी उंच उंच पोहणाऱ्यांच्या शेजारून पोहली आणि १९८८ मध्ये तीन सुवर्णपदकं घेऊन घरी गेली. अंगाच्या मापाचा फरक कळतो तो फार वर, जिथे आठही जणी सारखा सराव करून आलेल्या असतात आणि निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागावर लागतो. तालुक्याच्या मैदानावर सराव, चांगलं जेवण आणि धीर यांचाच फरक मोठा असतो.

आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळ सावरपाडा आहे. जव्हार-मोखाड्याच्या पलीकडचाच मुलूख. तिथली कविता राऊत लांबून पाणी आणायची, शाळेत अनवाणी पळायची. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं आणि पुढच्याच महिन्यात चीनमधल्या आशियाई स्पर्धेत रौप्य. पाड्यावर तिच्या पायांचं माप घ्यायला कोणी आलं नव्हतं. ती पळते, हे एका शिक्षकाला दिसलं आणि पुढे नाशिकला प्रशिक्षक मिळाला.

पायांच्या लांबीत आई-बापाकडून आलेलं पुष्कळ असतं, त्याला इलाज नाही. पण सगळंच तसं नसतं. जन्मताना बाळाचं डोकं आणि धड मिळून लांबीचे जवळजवळ दोन तृतीयांश असतात, पाय छोटे. मोठेपणी पाय जवळजवळ अर्ध्यावर येतात. म्हणजे लहानपणी सगळ्यांत जास्त वाढायचे असतात ते पायच. पोटाला कमी पडलं, सारखे जुलाब-ताप झाले, की अंग आधी मेंदू आणि आतले अवयव सांभाळतं आणि पायांची वाढ मागे ठेवतं. कुपोषण आपल्या जिल्ह्याला नवं नाही. अंगणवाडीत अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातेला मिळणारं एक वेळचं जेवण, पोरांना मिळणारी अंडी-केळी, यांतूनच ती हाडं लांबतात. म्हणून ते जेवण आईने तिथेच बसून खावं, डब्यात घालून घरी वाटून टाकू नये. आणि पाळी सुरू झाल्यावर पोरीची उंची साधारण दोन-तीन इंचच वाढते. खायला घालायचं ते त्याच्या आधीपासून.

पळणारीला धाप लवकर लागत असेल तर पाय मोजण्याआधी रक्त तपासा. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर घ्यायची, तिच्यावर लगेच चहा नको. मात्र आपल्या भागात सिकलसेल आहे. पोरीला तो आजार असेल तर लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच द्यावी. आजार नसून ती नुसती वाहक असेल तर खेळायला हरकत नाही, पण सराव हळूहळू वाढवावा, पाणी भरपूर प्यावं, आणि पळताना पाय फार दुखले किंवा अशक्त वाटलं तर "अजून एक फेरी" म्हणू नये, तिला लगेच सावलीत बसवून दवाखाना गाठावा.

सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचणीत उंची आणि वजन घेतात, पण त्याबरोबर ८०० मीटर पळवतात, जागेवरून उडी मारायला लावतात, चेंडू फेकायला आणि पुढे वाकायला सांगतात. चाचणी कधी आहे ते शाळेतल्या क्रीडा शिक्षकांना विचारा. तुमची पोर पळण्यात मागे पडत असेल आणि तिची पाठ लांब, हात लांब असतील, तर तिला पाण्यात उतरवून बघा. पोहता येणारं मोठं माणूस शेजारी हवं, आणि खाडीत, नदीत किंवा विहिरीत तिला एकटीला कधीच पाठवू नका.