खिडकीतलं हिरवं कारंजं

बालमित्रांनो, आधी एक कोडं सोडवा बरं!

दिसतं गवत, पण गवत नाही. नाव कोळ्याचं, पण जाळं विणत नाही. पोरं दोरीला लोंबकळतात, पण आई त्यांना पडू देत नाही. सांगा, मी कोण?

नाही ओळखलं? अहो, हे तर आपलं स्पायडर प्लांट! लांब, निमुळती, हिरवी पानं आणि त्यांवर पांढरा पट्टा. कुंडीतून कारंजं उडावं तशी पानं चहूबाजूंनी खाली झुकतात. मधूनच एक लांब दोरा निघतो, त्याला पांढरी चिमुकली फुलं येतात आणि मग त्याच दोऱ्यावर छोटी छोटी रोपं धरतात. ती वाऱ्यावर झुलताना कोळी लटकल्यासारखी दिसतात, म्हणून हे नाव.

पण हे गवत का नाही? ज्वारी, धान, आपल्या ताडोबाच्या जंगलातला बांबू, ही खरी गवतं. त्यांच्या फुलांना पाकळ्या नसतात. आपल्या पाहुण्याच्या फुलाला मात्र सहा पांढऱ्या पाकळ्या असतात. ही वनस्पती मूळची आफ्रिकेतली. शास्त्रीय नाव क्लोरोफायटम कोमोसम आणि कूळ शतावरीचं. आपल्या जंगलात मिळणारी सफेद मुसळी ही हिची चुलत बहीणच! तिच्या एका जातीला तर मुंबईच्या बोरिवलीवरून नाव मिळालं आहे. पहिल्या पावसानंतर कोकणात फोडशीची भाजी करतात, तीही याच गोतावळ्यातली.

आम्ही झाड बुडवलं!

आमची शाळा घुग्घुसची. वर्धा नदीच्या काठचं हे गाव. इथे कोळशाच्या खाणी आहेत, सिमेंट आणि लोखंडाचे कारखाने आहेत. दिवसभर डंपर धावतात. मागच्या वर्षी मी चंद्रपूरच्या नर्सरीतून स्पायडर प्लांटची एक कुंडी आणली आणि चौथीच्या वर्गाच्या खिडकीत ठेवली. मुलं खूश! जो येई तो पाणी घाली. सकाळी पाणी, मधल्या सुट्टीत पाणी, शाळा सुटताना पुन्हा पाणी.

दोन आठवड्यांत पानं पिवळी पडली आणि बुडाशी मऊ झाली. रोप उपटून पाहिलं, तर मुळं काळी पडलेली आणि घाण वास!

"कोणी पाणी टाकलं रे?" मी विचारलं.

"मी टाकलो, मॅडम!" सगळा वर्ग एका सुरात.

रागवावं तरी कोणाला? प्रेमापोटीच तर झालं होतं सारं! या झाडाची मुळं पांढरी, जाड, बारक्या मुळ्यासारखी असतात. त्यांत ते पाणी साठवून ठेवतं. म्हणून चार दिवस पाणी नाही मिळालं तरी त्याचं बिघडत नाही, पण सतत चिखलात राहिलं की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात.

तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा पुढे आला. एरवी फारसा न बोलणारा आणि सारखा खोकणारा. "मॅडम, दोऱ्यावरची दोन पिल्लं चांगली आहेत," तो म्हणाला. खरंच की! आम्ही ती पिल्लं कापून पाण्याच्या ग्लासात ठेवली. बूड तेवढं पाण्यात, पानं बाहेर. आठवडाभरात पांढरी मुळं फुटली, मग ती मातीत लावली. गंमत म्हणजे, जर्मन कवी गटे हासुद्धा या झाडाच्या अशाच पिल्लांवर खूश होता. हो, 'शाकुंतल' वाचून हरखून गेलेला तोच गटे!

मग काळजी कशी घ्यायची?

आम्ही चुकून शिकलो, तुम्ही वाचून शिका.

माती : आपल्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते. म्हणून दोन वाट्या मातीत एक वाटी रेती आणि एक वाटी कुजलेलं शेणखत मिसळा. कुंडीच्या बुडाला भोक हवंच.

पाणी : बोट पेरभर मातीत घाला. कोरडं लागलं तर पाणी द्या, ओलं लागलं तर नको. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी लागेल, पावसाळ्यात नि थंडीत आठवडाभरही लागणार नाही. खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. मुळं कुजतात आणि डासही होतात.

उजेड : भरपूर उजेड हवा, पण कडक ऊन नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तेव्हा कुंडी खिडकीतून आत घ्या, नाहीतर पानं भाजून निघतील.

पानांची टोकं : टोकं तपकिरी झाली तर घाबरू नका. कोरडी हवा, जास्त खत किंवा पाण्यातले क्षार ही त्याची कारणं. फ्लोराइड तर या झाडाला मुळीच सोसत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या काही गावांत जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळलं आहे. तेच जास्त झालं, तर मुलांच्या दातांवरही डाग पडतात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, हेही लक्षात ठेवा. झाडासाठी पावसाचं पाणी साठवलं तर उत्तम!

एका आईचा प्रश्न

दोन पिल्लांपैकी एक वर्गात राहिलं. दुसरं कोणाला द्यायचं? मुलांनीच ठरवलं, ज्यानं वाचवलं त्यालाच. तो मुलगा छोटी कुंडी छातीशी धरून घरी गेला.

चार दिवसांनी त्याची आई शाळेत आली. म्हणाली, "मॅडम, मोबाईलवर पाहिलं जी, हे झाड घरातली हवा साफ करते म्हणे. पोराचा खोकला जाईन का याच्यानं? जाईन तर अजून दहा कुंड्या आणतो."

काय सांगावं? 'हो' म्हणणं सोपं होतं, पण ते खोटं झालं असतं.

ही गोष्ट आली कुठून, ते ऐका. १९८९ साली अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेसाठी वोल्व्हर्टन नावाच्या शास्त्रज्ञानं घरात ठेवायच्या झाडांवर प्रयोग केले. झाडं बंद पेटीत ठेवली, पेटीत काही विषारी वायू सोडले आणि ते कमी होतात का ते पाहिलं. ते कमी झाले! तेव्हापासून जगभर बोभाटा झाला. पण आपलं घर म्हणजे काही बंद पेटी नव्हे. दारं-खिडक्यांतून हवा सारखी ये-जा करते. २०१९ साली अमेरिकेतल्याच ड्रेक्सेल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी असे अनेक प्रयोग पुन्हा तपासले. झाडांनी हवेत फरक पाडायचा, तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असा हिशेब निघाला. दहा फूट लांब-रुंद खोली म्हणजे सुमारे ९ चौरस मीटर. करा गुणाकार! निदान ९० कुंड्या. मग माणसांनी बसायचं कुठे?

शिवाय ते प्रयोग वायूंचे होते, कोळशाच्या धुळीचे नव्हते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ साली देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक भागांची यादी केली, तिच्यात चंद्रपूर होतं आणि त्यात आपलं घुग्घुसही. एवढ्या मोठ्या दुखण्यावर एका कुंडीचा उतारा कसा चालेल?

मी त्या माउलीला म्हटलं, "ताई, झाड जरूर ठेवा, पण औषध म्हणून नाही. खोकल्यासाठी आधी डॉक्टरांना दाखवा." तिचा चेहरा उतरला. मलाही वाईट वाटलं.

कापसाचा बोळा

दुसऱ्या दिवशी वर्गातल्या झाडाची पानं मला मळकट दिसली. पांढरा कापूस ओला केला, पान तळहातावर धरलं आणि हळूच पुसलं. बोळा काळा! मुलं पाहतच राहिली. पानावर धूळ बसली की त्याला उजेड कमी मिळतो आणि मग अन्न बनवायलाही अडचण होते.

तेव्हापासून दर शनिवारी आम्ही पानं पुसतो. बोळा वाळवून वहीत चिकटवतो, खाली तारीख लिहितो. त्या मुलानंही घरी तेच सुरू केलं. रस्त्याकडच्या खिडकीत कुंडी ठेवली तेव्हा बोळा काळाकुट्ट, मागच्या अंगणाच्या बाजूला ठेवली तेव्हा फिकट राखाडी. वही पाहून त्याच्या आईनं स्वतःच ठरवलं : पोराचं अंथरूण मागच्या खोलीत, डंपरच्या वेळी पुढची खिडकी बंद आणि कोरड्या झाडूऐवजी ओलं फडकं. ती त्याला सरकारी दवाखान्यातही घेऊन गेली. औषध चालू आहे.

खोकला गेला का? गेला नाही, पण रात्री त्याला झोप लागते, असं त्याची आई सांगते. आणि वर्गाच्या सभेत त्यानं वही उघडून विचारलं, "मॅडम, हे बोळे नगर परिषदेच्या साहेबांना दाखवायचे का?" एरवी न बोलणारा तो! आम्ही रस्त्यावर पाणी मारण्याबद्दल अर्ज लिहिला, सगळ्या वर्गानं सह्या केल्या आणि सोबत वहीची प्रत जोडली. उत्तराची वाट पाहतो आहोत.

करून पाहा

एकसारख्या दोन पिल्लांच्या दोन कुंड्या करा. एक रस्त्याच्या बाजूला ठेवा, एक आतल्या बाजूला. आठवड्यातून एकदा दोन्हींची पानं वेगवेगळ्या ओल्या बोळ्यांनी पुसा. बोळे वाळवून वहीत चिकटवा. महिनाभरानं वही आईबाबांना दाखवा.

काय मग, तुमच्या बोळ्याचा रंग कोणता?