वयात येण्याचा काळ आणि मेंदूतील सौम्य अर्बुद

सुश्रुताचार्यांनी रजोदर्शनाचा काळ बाराव्या वर्षापासून सांगितला आहे. मुलीत ८ व्या किंवा मुलात ९ व्या वर्षापूर्वी यौवनाची चिन्हे दिसली, अथवा मुलीत १३ व मुलात १४ वर्षे पूर्ण होऊनही ती दिसली नाहीत, तर ‘अंगात उष्णता आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये, असे आम्हांस वाटते.

यौवनागमाची प्रेरणा हायपोथॅलॅमसकडून पियुषिका ग्रंथीस मिळते. हायपोथॅलॅमसमध्ये हॅमार्टोमा ही जन्मजात, कर्करोग नसलेली गाठ असल्यास ही प्रेरणा अकाली मिळू शकते. काही बालकांना अकारण हसण्याचे झटकेही येतात. अस्थींची वाढ लवकर थांबून अशी बालके पुढे ठेंगणी राहतात. याउलट क्रेनिओफॅरिंजिओमा किंवा प्रोलॅक्टिन वाढविणारे अर्बुद या प्रेरणेत अडथळा आणते व यौवन लांबते.

मुलींतील अकाली यौवनामागे बहुधा असे कारण आढळत नाही. मुलांत ते आढळण्याचा संभव अधिक असतो. म्हणून उंचीची नोंद ठेवावी. डोकेदुखी, उलटी, दृष्टिमांद्य, अतितृष्णा व बहुमूत्रता यांविषयी आवर्जून विचारावे.

यांपैकी काही आढळल्यास आर्तवप्रवर्तक वा बल्य कल्प देण्यापूर्वी रुग्णास सेवाग्राम किंवा सावंगी येथील रुग्णालयात तपासणीसाठी पाठवावे. औषधविक्रेते बंधूंनीही केवळ पालकांच्या मागणीवरून असे कल्प देऊ नयेत. वेळीच निदान झाल्यास बालकाची दृष्टी व उंची राखता येण्याची शक्यता वाढते.