भेटवस्तूवर मातीची नावपट्टी

२५ डिसेंबरला नाताळ. मित्राला किंवा शेजाऱ्यांना छोटीशी भेट देताना तिच्यावर बाजारातली चकचकीत पट्टी चिकटवण्याऐवजी आपल्या हातची मातीची नावपट्टी बांधावी, असे आम्हांला वाटते. ही कल्पना नवी नाही. गुजरातमधील लोथल येथे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे मातीचे मोहोरठसे सापडले. त्यांच्या मागच्या बाजूला दोरी, कापड व चटई यांच्या खुणा उमटलेल्या आहेत. म्हणजे व्यापारी मालाच्या गाठोड्यावर मातीची खूण लावीत असत.

कोणती माती घ्यावी?
पोळ्याला आपण मातीचे बैल करतो, तेव्हा शेतातली काळी माती हाताशी असते. पातळ पट्टीसाठी मात्र ती एकटी चालत नाही. काळ्या मातीचे बारीक कण पाणी शोषून फुगतात आणि वाळताना आकसतात. उन्हाळ्यात कापसाच्या शेतात ज्या भेगा पडतात, त्याच पट्टीवरही पडतात. म्हणून कुंभाराकडची मळलेली माती घ्यावी. कुंभार मातीत राख, बारीक वाळू किंवा लीद मिसळतात, त्यामुळे भेगा कमी पडतात. घरी करायचे तर चार वाट्या चाळलेल्या मातीत एक वाटी वर्तमानपत्राचा भिजवून कुटलेला लगदा मिसळावा. कागदाचे तंतू माती धरून ठेवतात.

साहित्य : मळलेली माती, लाटणे, जुने सुती कापड, आइस्क्रीमच्या चार काड्या, शीतपेयाची नळी, टोकदार काडी, गेरू, चुना, सुतळी.

कृती :
१. माती कणकेसारखी चांगली मळावी. आत हवा राहू देऊ नये.
२. कापडावर गोळा ठेवून दोन्ही बाजूंना दोन-दोन काड्या एकावर एक रचाव्यात. लाटणे काड्यांवरून फिरवले की जाडी सगळीकडे सारखी येते. जाडी कमी-जास्त झाली तर पट्टी वाकते.
३. साधारण सहा बाय चार सेंटिमीटरचे तुकडे कापावेत. बैल, संत्रे, चांदणी असे आकारही छान दिसतात.
४. काठापासून एक सेंटिमीटर आत नळीने भोक पाडावे. माती आकसली की भोकही लहान होते, म्हणून रिफिलचे भोक पुरत नाही.
५. तासाभराने माती थोडी घट्ट झाली की काडीने नाव कोरावे. फार खोल कोरू नये. उरलेली कड वाळल्यावर ओल्या बोटाने पुसावी.
६. पट्ट्या सावलीत वाळवाव्यात व रोज उलटाव्यात. उन्हात वरची बाजू आधी आकसते आणि पट्टी तडकते. थंडीत आठवडा तरी लागतो.
७. शेवटी गेरू लावून चुन्याने नक्षी काढावी आणि सुतळी ओवावी.

अशी पट्टी कच्चीच असते, पाण्यात पडली तर विरघळते. कायमची टिकवायची असेल तर रंग न लावता कुंभाराच्या आव्यात भाजून घ्यावी. सुमारे सहाशे अंशांच्या पुढे मातीतले जखडलेले पाणीही निघून जाते आणि मग ती पुन्हा चिखल होत नाही. घरच्या गॅसवर हा प्रयोग मुलांनी करू नये.

नाव मराठीतच
१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि पांढुर्णा-सौसरचा आपला भाग मध्य प्रदेशात राहिला. बाजारात हिंदी, घरात मराठी, असे आपले चालते. मराठी बोलता येते, पण लिहिताना मुलांचे हात अडखळतात. 'ळ' च्या जागी 'ल' पडतो, पोळ्याचा 'पोला' होतो. मातीत अक्षर कोरताना घाई चालत नाही, प्रत्येक वळण नीट काढावे लागते. म्हणून पट्टीवर घेणाऱ्याचे नाव आणि मागे 'तुझा बाळू' किंवा 'नाताळच्या शुभेच्छा' असे दोन-तीन शब्द मराठीत लिहावेत. 'नाताळ' शब्दातही 'ळ' आहेच!

पालक व विश्वस्तांना विनंती
डिसेंबरअखेर कुंभारांकडे संक्रांतीच्या सुगड्यांची लगबग असते. माती आधीच सांगून ठेवावी आणि तिचे योग्य पैसे द्यावेत. शक्य असेल तर एखाद्या कुंभारदादांना मानधन देऊन शाळेत बोलवावे, माती मळणे मुलांना त्यांच्याकडूनच नीट शिकता येईल. नाताळसाठी १० डिसेंबरपूर्वी काम सुरू करावे. उरलेल्या पट्ट्या तिळगुळाच्या डब्यांना व हळदीकुंकवाच्या वाणाला उपयोगी पडतील.