पितळेची नळी, तुपाचा थेंब आणि परळचा बंगला

परळ-लालबागला ऑफिस असलेल्या कित्येकांसाठी ‘हाफकिन’ म्हणजे टॅक्सीवाल्याला सांगायची खूण. पण बॉस, या नावामागची स्टोरी चक्क थ्रिलर आहे! आणि तिच्यात मोठा रोल आहे पितळेच्या मायक्रोस्कोपचा.

त्या काळचा मायक्रोस्कोप म्हणजे उभी पितळी नळी, फोकससाठी स्क्रू आणि खाली उजेड वर फेकणारा छोटा आरसा. सोबत लाकडी पेटी, जास्तीची भिंगं आणि काचपट्ट्या. रंग देऊन बघितला की प्लेगचा जंतू दिसायचा बंद सेफ्टी पिनसारखा.

१८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगास यांनी प्लेग ओळखला आणि लोक मुंबई सोडून पळू लागले. ऑक्टोबरमध्ये वॉल्डेमार हाफकिन इथे आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना मिळाली एक खोली, एक कॉरिडॉर, एक कारकून आणि तीन शिपाई. बास! जंतू वाढवायला त्यांनी वापरलं मांसाचं सूप आणि वर चक्क तुपाचे थेंब. १० जानेवारी १८९७ ला लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. १८९९ मध्ये लॅब परळला, गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात आली.

मग आला ३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस दिली गेली. त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले. सगळे एकाच बाटलीतले. ठपका आला परळच्या लॅबवर आणि हाफकिन सस्पेंड!

त्यांच्या बाजूने उभे राहिले रोनाल्ड रॉस. मलेरियाचा जंतू डासात शोधून १९०२ चं नोबेल मिळवणारे. ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबादला हा शोध लावताना रॉस यांच्या मायक्रोस्कोपचे स्क्रू घामाने गंजले होते आणि उरलेली शेवटची आयपीस तडकलेली होती. तरी त्यांना जे दिसायचं ते दिसलं. १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मधून त्यांनी ठणकावून सांगितलं, पुरावा नीट बघा. गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तोच पुन्हा वापरला गेला होता. त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरले. तोवर ५ वर्षं गेली होती.

१९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचं नाव मिळालं. डेडलाइनच्या गडबडीत एखाद्यावर झटकन ठपका ठेवण्याआधी ती तडकलेली आयपीस आठवा. रॉस यांनी तिच्यातूनही नीट बघितलं होतं. समितीला मात्र समोरचा चिमटा दिसला नव्हता.