साठ की आठ? : ‘सोयीच्या ऐकण्या’मागचे कारण

वयोमानाने दोन्ही कानांचे ऐकणे उतरू लागते तेव्हा सगळे आवाज सारखेच मंद होत नाहीत. आधी उच्च कंप्रतेचे ध्वनी जातात. आंतरकर्णातील कॉक्लिआ ही शंखाकृती नळी सुमारे अडीच वेढ्यांची असते. तिच्या तोंडाशी असलेल्या केशपेशी उच्च ध्वनी टिपतात, आतल्या टोकाच्या पेशी खर्जातले. तोंडाशी असलेल्या पेशी सहसा आधी झिजतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. श्रवणचाचणीचा आलेख उजवीकडे उतरत जातो, तो यामुळेच.

एका वाचकाचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. घरातल्या आजोबांना मुलाचे बोलणे कळते, सुनेचे आणि नातीचे कळत नाही. हे सोयीचे ऐकणे तर नव्हे? हा आरोप घरोघरी होतो आणि बहुतेक वेळा तो अन्यायाचा असतो.

बोलण्यातला जोर स्वरांत असतो आणि तो बराचसा १००० हर्ट्झच्या खाली. अर्थाचा मोठा भार व्यंजनांवर असतो, आणि स, श, त, च, ट यांसारखी व्यंजने क्षीण आणि उंच असतात; ‘स’चा सळसळता भाग तर ४००० हर्ट्झच्याही वर जातो. म्हणून आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. ‘साठ’मधला ‘स’ गळला की ‘आठ’ उरतो. फोनवर घोटाळा वाढतो, कारण जुनी दूरध्वनी यंत्रणा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे पाठवते. स्त्रियांचे आणि मुलांचे आवाज मुळातच उंच, त्यात बरेचदा हळू. सून ओट्याकडे तोंड करून बोलत असेल आणि वर पंखा चालू असेल, तर उरलेसुरले व्यंजनही जाते. मुलगा मात्र समोर बसून खालच्या पट्टीत बोलतो.

एकच कान अधू असेल तर चांगला कान पुढे करता येतो. दोन्ही उतरले की मान वळवून फार काही हाती लागत नाही आणि नजर आपोआप बोलणाऱ्याच्या ओठांकडे जाते. ओठ तरी किती सांगणार? पापा, बाबा, मामा हे तिन्ही शब्द ओठांवर सारखेच दिसतात. क आणि ग घशाजवळ घडतात, ते जवळजवळ दिसतच नाहीत. पण येथे एक विलक्षण जुळणी आहे. प, ब आणि म यांतला फरक घोषाचा आणि नासिक्याचा. त्याच्या खुणा बऱ्याचशा खालच्या कंप्रतेत असतात आणि उतरलेल्या कानालाही पुष्कळदा लागतात. उलट ‘साठ’ म्हणताना दात जवळ येतात, ‘आठ’ला तोंड एकदम उघडते. कानाला जे सुटते ते बरेचसे डोळ्याला दिसते आणि डोळ्याला जे दिसत नाही त्यातले बरेच कानाला कळते. म्हणूनच उजेडात, समोरासमोर बोलणे हा निम्मा उपचार मानावा.

ओरडण्याने हे साधत नाही. ओरडताना स्वर फुगतात, व्यंजने त्या मानाने मागेच राहतात आणि ओठांची ठेवणही बिघडते. शिवाय केशपेशी झिजल्या की ऐकू येण्याची किमान पातळी वर सरकते, पण असह्य होण्याची पातळी जवळजवळ तिथेच राहते. मधली जागा अरुंद होते. ‘जरा मोठ्याने बोल’ म्हणणारा माणूस पुढच्याच वाक्याला ‘ओरडतोस कशाला?’ म्हणतो, तो याच अरुंद जागेमुळे. त्यात हट्ट किंवा चिडखोरपणा शोधू नये.

न कळलेले वाक्य त्याच शब्दांत दोनदा सांगूनही कळले नाही, तर ते बदलून सांगावे. आकडा असेल तर ‘साठ, म्हणजे सहावर शून्य’ असे फोडून सांगावे. औषधाची मात्रा किंवा पैशांचा व्यवहार असेल तर लिहूनच द्यावा.